हंबीररावांच्या डोक्याचा कागद

पेशंट कितीही चळवळ्या असो, मी जवळ बसले की गप्प पडून राहणारच, अशी सांगलीच्या आमच्या दवाखान्यात नर्स म्हणून माझी ख्याती होती! सेहेचाळीस-सत्तेचाळीसची गोष्ट. डॉक्टर गंगाधरपंतांनी मेंदूच्या लहरी कागदावर उमटवणारं यंत्र आणलं होतं. ते त्यांना नवं, मला तर त्याहून नवं!

पहिले पेशंट इस्लामपूरकडचे म्हातारे हंबीरराव. सोबत फौजेतून परतलेला मुलगा लालासाहेब.

"आबा मोटंला बैलं जुपत्यात आन् उभ्या उभ्या इसरत्यात! डोकं गेलं आसंल तर बैलजोडी इकून टाकतो."

"इकून तर बघ!" म्हातारा गरजला, पण डोळे भरून आले होते.

मी त्यांच्या डोक्याचं तेल पुसलं, तारा चिकटवल्या. उसवलेल्या घोंगडीसारखे दिसू लागले बिचारे!

"आबा, डोळे मिटा. पण झोपायचं नाही हं!"

डॉक्टर भिंतीपलीकडे यंत्रापाशी गेले. मी स्टुलावर बसले. माझी रात्रपाळी आणि तिला जोडून दिवसपाळी झालेली. खोली गार, अंधारी...

"सिस्टर!"

डॉक्टर कागद घेऊन दारात! मी दचकून उभी राहिले. म्हाताराही दचकला.

"लहरी बघा, किती मंद! मेंदू विझत चाललाय!"

"मग आजच गिऱ्हाईक बघतो," लालासाहेब म्हणाला.

म्हाताऱ्याचं तोंड बघवेना. मी म्हटलं, "डॉक्टर, आधी धडधाकट माणसाचा कागद काढून ताडून बघा. माझाच काढा!" आणि ऐटीत खाटेवर आडवी झाले. तारा माझ्या डोक्याला लागल्या, हंबीरराव स्टुलावर बसले.

पुढचं सगळं ऐकीव. डॉक्टर दोन कागद घेऊन धावत आले म्हणे. "अरेरे! सिस्टरचाही मेंदू गेला!"

"गेला कुटं? आवं, बाई घोरत्यात की!" हंबीरराव म्हणाले. "मगाशी माजंबी आसंच झालं. म्हैनाभर रातच्याला उसातली डुकरं हाकतुया. गादी लागल्यावर कोण जागं ऱ्हातंय?"

तारा काढून मला तसंच उचलून बाकावर ठेवलं. म्हातारा पुन्हा खाटेवर. या खेपेला डोळा लागतोय असं वाटलं की लालासाहेब हाक मारी. लहरी ठणठणीत!

"बैलं ऱ्हात्याली," लालासाहेब पडेल आवाजात म्हणाला. "पर डुकरं कोण हाकणार?"

"फौजेत पहारा शिकलास न्हवं? हाक की तूच!"

मला जाग आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. डोक्याला तारांचा डिंक तसाच! उशाशी माझा कागद, त्यावर डॉक्टरांचा शेरा: 'मेंदू शाबूत. विश्रांतीची गरज.'

खाली त्यांनीच लिहिलं होतं: 'उठल्यावर रात्रपाळीस पाठवणे.'