कर्णिक काकूंचा कॉम्प्युटर

कर्णिक काकूंच्या घरी गेलात तर पाणी नंतर मिळतं. आधी स्वयंपाकघरात जाऊन नळाला हात लावावा लागतो. धुवायचा नाही, नुसता लावायचा, क्षणभर धरायचा, आणि मग बाहेर येऊन बसायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, काहीतरी सोवळ्याओवळ्याचा प्रकार दिसतोय.

“सोवळं कसलं डोंबलाचं!” काकू म्हणाल्या. “तू आलास ऑफिसातून. दिवसभर एसी, पायाखाली कार्पेट, अंगात तो चकचकीत शर्ट. अंगात वीज भरून आला असशील. तसाच हात लावलास तर माझी रॅम मरेल, मिलिंद.”

ही रॅम म्हणजे कॉम्प्युटरची. काकूंच्या डायनिंग टेबलावर कायम कुणाचा ना कुणाचा कॉम्प्युटर पोट फाडून पडलेला असतो. बर दुबई भागातल्या आमच्या जुनाट इमारतीची लिफ्ट अधूनमधून संपावर जाते, पार्किंगच्या नावाने शंख आहे, पण काकू इमारत सोडायला तयार नाहीत. कारण काय, तर इथले पाइप लोखंडी आहेत. नव्या टॉवरमध्ये सगळं प्लास्टिक, मग अंगातली वीज उतरवायला नळाला हात लावून उपयोग काय? घर निवडायचा हा निकष मी तरी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

काकूंनी साठी ओलांडली आहे. गाऊनवर ओढणी, चष्म्याला दोरी, आणि अंबाड्यात खोचलेला छोटा स्क्रू-ड्रायव्हर. अशा या काकू आमच्या मराठी मंडळींत गेमिंग कॉम्प्युटरचं सुप्रीम कोर्ट आहेत. पोरं रात्रंदिवस राक्षस मारतात, त्या राक्षसांच्या मागचं मशीन कशाकशाचं बनलं पाहिजे ते काकू ठरवतात. वरचं कोर्ट नाही.

माझा खटला तिथे उभा राहिला तो इराच्या कार्डावरून. इरा माझी लेक, इथेच वाढलेली, अ‍ॅनिमेशन शिकते. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि भांडण दोन्ही भाषांत होतं. तिचा कॉम्प्युटर रखडायला लागला. मी बाप! सेलमध्ये एक भलंथोरलं ग्राफिक्स कार्ड बघितलं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसातला आयटीवाला म्हणाला, “सर, आँख बंद करके ले लो.” मी डोळे मिटून घेतलं.

घरी आणलं तर ते कॅबिनेटमध्ये मावेना. मी जोर लावला. “बाबा, स्टॉप! यू आर बेंडिंग इट!” इरा किंचाळली. आमची ही आतून म्हणाली, “काकूंकडे जा आधी. नवीन वस्तूची वाट लावू नका.”

काकूंनी खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “घरात आधी कोण कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“मी, ही, इरा...”

“तुझ्या नव्हे रे, कॉम्प्युटरच्या घरात! प्रोसेसर कुठला? पॉवर सप्लाय किती वॅटचा?”

मला काय ठाऊक! मी इराला फोन लावला. तिने सांगितलं तशा काकू मान हलवत गेल्या, आणि ती मान वरखाली नव्हे, आडवी हलत होती.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “नवीन माणूस घरात आणायचा तर जुन्यांना विचारायला नको? हा एवढा धिप्पाड. बसणार कुठे? खाणार किती? तुझा पॉवर सप्लाय बिचारा आधीच मेटाकुटीला आलाय, तो याला पोसणार कसा? आणि तुझा प्रोसेसर म्हातारा. हा कार्डवाला भराभर चित्रं काढायला तयार बसणार, आणि म्हातारा एकेक काम सांगणार, दमादमाने. बाकीचा वेळ हा नुसता माश्या मारणार. मग तुम्ही म्हणणार, कार्ड खराब आहे.”

त्यांनी मला खोक्यासकट बाहेर काढलं. “यल्ला, चल! दुकान बंद व्हायच्या आत बदलून आण.” त्यांनी सांगितलं तसं मी लहान कार्ड आणि दणकट पॉवर सप्लाय आणला. काकूंनी दोन्ही बसवलं, आणि इराचा कॉम्प्युटर असा पळायला लागला की मी बघतच राहिलो. जिने जन्मापासून आजवर माझं कधी कौतुक केलेलं नाही ती माझी मुलगी म्हणाली, “काकू इज अ लेजंड.” मला जरा लागलं. पण खरं होतं, काय करणार?

त्या दिवसापासून मी काकूंचा भक्त झालो. किती वेळा थक्क व्हावं माणसाने! शारजातल्या माझ्या मित्राचा कॉम्प्युटर घरघरायला लागला. काकूंनी त्याला फोनवर सांगितलं, “फोन कॅबिनेटपाशी धर.” डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, “पुढचा पंखा ठीक आहे, मागचा अडलाय. केस अडकलेत. घरात मांजर आहे का?” मांजर होतं! मित्र त्या दिवशी जेवताना माझ्याकडे संशयाने बघत होता, मीच आधी सांगून ठेवलं असेल म्हणून. मी शपथ घेतली तेव्हा कुठे त्याला पटलं.

हे जुळवण्याचं वेड कॉम्प्युटरपुरतंही थांबत नाही. आमच्या हिने नवे पडदे घेतले, तर काकूंनी उंबरठ्यातच विचारलं, “सोफ्याला विचारलंस का?” पडदे परत गेले. जुन्या मिक्सरवर नवं भांडं त्या चढवू देत नाहीत. कर्णिक काका एका काँट्रॅक्टिंग कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर आहेत, घरातही मोजूनमापून बोलतात. ते एकदा मला हळूच म्हणाले, “माझं नशीब, मी आधीपासून घरात होतो.”

हे सगळं काकूंना शिकवलं कुणी? तर कुणीच नाही. त्यांचा मुलगा केदार कॅनडाला शिकायला गेला, पुढे तिथेच नोकरीला लागला, आणि शाळेत असताना स्वतः जोडलेला कॉम्प्युटर मागे ठेवून गेला. एका उन्हाळ्यात तो बंद पडला. आमच्याच इमारतीखालच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या गल्लीत काकू तो घेऊन गेल्या. तिथला मल्याळी दुकानदार म्हणाला, “खलास, मॅडम. नया ले लो.” मुलाने जोडलेल्या वस्तूला खलास म्हणतो म्हणजे काय! काकूंनी तिथलंच स्टूल ओढलं आणि बसल्या. रोज जाऊन बसायच्या आणि बघायच्या. “मिक्सर उघडते, सोऱ्या उघडते, याला काय घाबरायचं?” उन्हाळा संपायच्या आत कॉम्प्युटर चालू झाला. आता तोच दुकानदार अडलेल्या गिऱ्हाइकाला सांगतो, “हबीबी, ऊपर वाली आंटी को पूछो.”

पण केदारचा कॉम्प्युटर चालू ठेवायची एवढी निकड का, हे मला एका शनिवारी संध्याकाळी कळलं. मी डबा परत द्यायला गेलो होतो. आत बघतो तर डायनिंग टेबलाला स्टिअरिंग बांधलेलं, काकूंच्या कानाला हेडफोन, आणि समोर पडद्यावर बर्फातला रस्ता. काकू ट्रक चालवत होत्या! पुढे आणखी एक ट्रक होता, तो कॅनडातून केदार चालवत होता. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ, आणि मायलेक कुठल्यातरी थंड देशात लाकडं पोहोचवायला निघालेले. काकू वळणावर न चुकता इंडिकेटर देत होत्या.

“फोनवर हा बोलतच नाही रे,” त्या नंतर मला म्हणाल्या. “जेवलास? हो. थंडी आहे? हो. ठेवू? ठेव. संपलं. हा गेम त्यानेच शिकवला. यात दोन तास तरी सोबत असतो.”

त्या जुन्या कॉम्प्युटरचा जीव बेताचाच. ट्रक बोटीवर चढवून पलीकडे उतरवला की पडदा काळा व्हायचा आणि मधोमध चक्र फिरत बसायचं. केदारचं मशीन झटकन पुढे जायचं. मग तो रस्त्याच्या कडेला ट्रक उभा करून थांबायचा. “सॉरी हं बाळा, अडकलं परत,” काकू म्हणायच्या. “इट्स ओके, आई,” तो म्हणायचा, आणि थांबल्या थांबल्या काही ना काही सांगायचा. आमटी करायला गेलो आणि डाळ शिजलीच नाही, असलं काहीतरी.

आणि मग तो फतवा आला. “आई, गेमचं नवीन व्हर्जन येतंय,” केदार म्हणाला. “तुझ्या मशीनवर नाही चालणार. आणि दोघांचं व्हर्जन सेम नसेल तर एकत्र जाताच येणार नाही.”

काकू दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. सगळ्या गावाचे कॉम्प्युटर बदलणाऱ्या काकूंनी स्वतःच्या मशीनमधलं जे त्याने बसवलं होतं त्याला शक्यतो हात लावलेला नव्हता. पुसायचं, पंखा साफ करायचा, परत ठेवायचं. “त्याच्या हातचं आहे रे,” त्या म्हणाल्या. पण ते तसंच ठेवलं तर शनिवार जाणार होता. शनिवार गेला की उरणार काय, तर जेवलास आणि थंडी आहे का. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

पण काकू रडत बसणाऱ्यांतल्या नव्हेत. एकदा ठरलं म्हणजे ठरलं. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकमेकांशी पटणारे, एकाच वेळी निवडलेले. त्यांना झेपेल एवढंच कार्ड. सगळ्यांना पोसून थोडं उरेल एवढा पॉवर सप्लाय. आणि अडकणं कायमचं बंद व्हावं म्हणून नवी वेगवान डिस्क. कॅबिनेट तेवढं केदारचंच राहिलं, त्याच्या शाळेतल्या स्टिकरांसकट. दुकानदाराने स्टॉक नाही, इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात, असं म्हटल्यावर काकूंनी त्याच्याकडे फक्त पाहिलं, आणि माल निघाला.

जोडणीच्या दिवशी मी स्क्रू देणारा, काका टॉर्चवाले आणि इरा सुपरवायझर. मला नळाला हात लावायला परत परत पाठवण्यात आलं. काकूंनी प्रोसेसर चिमटीत धरला, खुणेला खूण लावली आणि जागेवर सोडला. अजिबात जोर नाही. तो आपलं घर ओळखत असल्यासारखा आत बसला. श्वास रोखून आम्ही बघत होतो. मग एकेक वायर, एकेक स्क्रू, आणि शेवटी बटण. पंखे फिरले, पडदा उजळला. मी खरंच टाळ्या वाजवल्या. या बाईला कुणी लहानपणी इंजिनिअरिंगला घातलं असतं तर काय झालं असतं, असं माझ्या मनात आलं.

इराने सगळं तपासलं. “नो मिसमॅच. कुणीच कुणाला अडवत नाहीये. परफेक्ट बिल्ड, काकू.”

तो पहिला शनिवार बघायला आम्ही सगळे जमलो होतो. काय चित्र होतं! बर्फाचा कण नि कण दिसत होता. ट्रक लोण्यासारखा चालला. बोट आली, पापणी लवते न लवते तोच पलीकडचा रस्ता समोर. केदार ओरडला, “वाव, आई! आता थांबायलाच लागत नाही!” लाकडं नेहमीपेक्षा फार लवकर पोहोचली. “डन! चल आई, बाय,” तो म्हणाला आणि गेला.

काकू हेडफोन हातात घेऊन बसल्या. “छान चालला, नाही?” त्यांनी मला विचारलं.

“फारच छान,” मी म्हणालो. त्यानंतरच्या शनिवारीही म्हणे तसाच छान चालला. भरधाव गेले, पोहोचले आणि बाय.

मग काही आठवड्यांनी इराच्या मशीनचं काहीतरी विचारायला आम्ही दोघं वर गेलो, तोही शनिवारच होता. दार काकांनी उघडलं. आत काकूंच्या पडद्यावर काळोख, आणि मधोमध चक्र फिरतंय. एवढं सगळं करून परत अडकलं? मी विचारणार तोच काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. हेडफोन बाजूला पडला होता आणि स्पीकरवरून केदारचा आवाज येत होता.

कॅबिनेटचं झाकण उघडं होतं. इरा वाकून बघायला लागली आणि माझ्या कानाशी कुजबुजली, “बाबा, त्यांनी जुनी डिस्क परत लावलीये, गेम तिच्यावर चाललाय. नवी काढून ठेवलीये. धिस इज अ टेरिबल मिसमॅच! काकूंना कळलं नाही?”

काकूंनी ते ऐकलं. माइकचं बटण दाबून बंद केलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “कळलंय, बाळा. मीच लावलीये.” आणि माइक परत चालू केला.

इराने कॅबिनेटचं झाकण अलगद लावलं.

“...रोहन गेल्या आठवड्यात शिफ्ट झाला, आई,” केदार सांगत होता. त्याचा ट्रक तिकडे कुठेतरी रस्त्याच्या कडेला उभा असणार. “आता फ्लॅटमध्ये मी एकटाच. ऑफिसातून आलं की बोलायला कुणीच नसतं. कधीकधी मी उगाच टीव्ही लावून ठेवतो.”

“मग जेवताना काय करतोस?” काकूंनी विचारलं.

“तेच ग. उभ्या उभ्या खातो.”

तेवढ्यात चक्र थांबलं. पडद्यावर रस्ता उजळला, लांबवर बर्फ, आणि खाली पुढे जायचं बटण लुकलुकायला लागलं. काकूंनी ते पाहिलं. दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीत ठेवले.

“आई, झालं का लोड?”

“नाही रे, अजून नाही,” काकू म्हणाल्या. “तू बोल.”