फळ्यावरचं तुफान

बुधवारी सकाळी दात घासायच्याही आधी रूपरावांनी मोबाइलवर तुफान पाहिलं. ते अजून समुद्रातच होतं, ताशी बावीस किलोमीटरने येत होतं आणि वाटेत चहाला कुठे थांबेल असं दिसत नव्हतं.

रूपराव एकतीस वर्षं देवळीच्या बसस्थानकावर नियंत्रक होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि स्थानकातला जुना फळा मिळाला. शाल पेटीत गेली, नारळ चटणीत गेला, फळा मात्र कामाला लागला. कारण मुलगी काजल नर्स म्हणून कॅरिबियन समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर गेली, आणि तिकडे हंगामात तुफानांची रांग लागते. मोबाइलवर त्यांना नुसतं गरगरणारं चक्र दिसायचं. खडूने वेळ लिहिल्याशिवाय एखादी गोष्ट येते आहे यावर त्यांचा विश्वासच बसत नसे.

या हंगामातली पहिली दोन तुफानं स्वयंपाकघरात मावली. या तिसऱ्याच्या वेळी पत्नी धुरपताबाईंनी "खडूची भुकटी वरणात पडते" म्हणून फळा घराबाहेर काढला. तो फाटकाशेजारी, रस्त्याकडे तोंड करून टांगला गेला.

रूपरावांनी नऊ तास तीस मिनिटांचा फरक बोटांवर दोनदा मोजून स्थानकाच्या शिस्तीत लिहिलं : गाडी – तुफान. कुठून – समुद्रातून. आता कुठे – वाटेत. आगमन – गुरुवार, सायंकाळी ५:४०. कुठे पोचणार, हा रकाना त्या फळ्यावर कधी नव्हताच. फळा जिथे, गाडी तिथे, हे देवळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रूपरावांच्या डोळ्यांपुढे मात्र काजलच्या भाड्याच्या घरावरची टिनं होती. ती त्यांना इतकी स्पष्ट दिसत होती की लिहायची गरजच वाटली नाही.

रूपरावांच्या खडूवर संशय घेणारा माणूस देवळीत अजून जन्मायचा होता. दुपारी प्रभाकरराव आले. त्यांचं कापलेलं सोयाबीन शेतात उघड्यावर होतं आणि मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, नेमकं गुरुवारी संध्याकाळी होतं.

"रूपरावजी, येऊन राह्यलं म्हंता?"

"येऊनच राह्यलं."

"जोराचं हाय का जी?"

"टिनं उडवते." रूपरावांनी मोबाइल पुन्हा कानाला लावून पाहिला. "सकाळपासून फोनबी लागून नाई राह्यला."

प्रभाकररावांनी आपला मोबाइल काढून पाहिला. त्यालाही रेंज नव्हती. ती तशी कधीच नसायची, पण त्या दिवशी त्यांना तिचा अर्थ कळला. ते चहा न घेता गेले.

संध्याकाळपर्यंत निकेशच्या दुकानातल्या ताडपत्र्या संपल्या. मग त्याने जुने फ्लेक्स विकायला काढले, आणि शिवारभर सोयाबीनच्या गंज्यांवर कोणाकोणाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा झळकू लागल्या. मळणीयंत्रं थांबेनात. भरलेली पोती घरात आली, तेव्हा माणसं ओसरीत आली. प्रभाकररावांनी मांडव सोडवला आणि सिंदी गावच्या व्याह्यांना गुरुवारी सकाळी साडेसातलाच बोलावून पोह्यांवर साक्षगंध उरकलं.

जाणारा-येणारा प्रत्येक जण फाटकाशी थांबून "कोठवर आलं?" असं विचारत होता. रूपराव प्रत्येकाला आकडा सांगत होते, आणि त्यांचा ऊर भरून येत होता. एका पोरीसाठी सारं गाव जागचं हललं, असं ते धुरपताबाईंना म्हणाले. शेजारच्यांचं डोक्यावर पोतं घेऊन पळणं धुरपताबाईंना काजलच्या काळजीत काही बसवता येईना. पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी शंका गिळली.

गुरुवारी चारला मोबाइलवरचं चक्र वळलेलं दिसलं. काजलचा फोन अजून बंदच होता. रूपरावांनी फळ्यावर 'रद्द' लिहिलं आणि ते फाटकापाशीच बसून राहिले.

साडेपाचपर्यंत तिथे साठेक माणसं जमली. पुढे प्रभाकरराव.

"रद्द म्हंजे?"

"वळलं. उत्तरेकडं गेलं."

"नागपूरले?"

"नाई जी. बेटाच्या उत्तरेले."

"कोनत्या बेटाच्या?"

रूपरावांनी सांगितलं. काजल कुठे असते, ते बेट इथून चौदा हजार किलोमीटर कसं पडतं, तेही सांगितलं. रूपरावांनी एकेक चेहरा पाहिला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांना गावाची काळजी नेमकी कशाची होती ते उमगलं. एकतीस वर्षांत न झालेली चूक त्यांच्या हातून झाली होती. ते उठून उभे राहिले.

"रूपरावजी," प्रभाकरराव अगदी हळू म्हणाले, "व्याही आंघोळ न करता आला माह्या पोरीच्या साक्षगंधाले."

त्यांना अजून पुष्कळ बोलायचं होतं, पण तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर काजल आली, विस्कटलेल्या केसांची, डोळे सुजलेली, मागे घर शाबूत.

"बाबा, मी बरी हाय. नेटवर्क गेलतं." मग तिला वडिलांच्या मागचा घोळका दिसला. "एवढे सारे काऊन जमले?"

रूपरावांनी सरकून फळा पाठीआड केला.

"माह्यासाठी?" काजलने विचारलं, आणि तिचे डोळे भरून आले.

सगळ्यांनी प्रभाकररावांकडे पाहिलं. प्रभाकररावांनी फोनकडे पाहिलं, मग खडूने पांढरी झालेली रूपरावांची बोटं पाहिली.

"मंग काय त, बाई," ते म्हणाले. "कालपासून कोनाच्या घशाखाली घास नाई उतरला."

साठच्या साठ माणसांनी माना हलवल्या. काजल कोण हे ज्यांना आत्ताच कळलं होतं, त्यांनी जरा जास्तच हलवल्या.