प्रलय, तिसरा मजला

"आम्ही ज्या खोलीत उतरतो, ती खोली पुन्हा कुणाला देता येत नाही," डरकाळीने कॅमेऱ्याकडे रोखून पाहत सांगितलं.

डरकाळी हा 'प्रलय' नावाच्या रॉक बँडचा गायक. कातडी जाकीट, डोळ्यांत काजळ, गळ्यात कुत्र्याला बांधावी तसली साखळी. प्रत्यक्षात हा गृहस्थ खोली सोडताना चादरीची घडी घालायचा आणि लिफ्टमध्ये एकटा चढायचा नाही. पण दौऱ्यावर माहितीपट काढायला आलेल्या दिग्दर्शकाला हे कोण सांगणार?

दिग्दर्शकाने जांभई दिली. "आठवडाभर तुमच्यामागे फिरतोय. हाती काय लागलं? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. आज तोडफोड मिळाली नाही, तर उद्या मी दुसऱ्या बँडकडे जातो. त्यांनी परवा पडदे जाळलेत."

हा माहितीपट गेला तर 'प्रलय'ला कुत्रंही विचारणार नव्हतं.

"टीव्ही फेकतो खिडकीतून," तो बोलून गेला, आणि लगेच त्याला लॉजच्या मालकीणबाई आठवल्या. किल्ली देताना त्यांनी बजावलं होतं, "दारं आपटायची नाहीत. ओला टॉवेल खुर्चीवर टाकायचा नाही." दोन्ही वेळा तो "हो बाई" म्हणाला होता.

ड्रमवाला काचेच्या भीतीने बाथरूममध्ये कडी लावून बसला. डरकाळीने टीव्हीला हात घातला. टीव्ही भिंतीला स्क्रूने पक्का बसवलेला!

"दाजी, थांबा," गिटार वाजवणारा मेव्हणा म्हणाला, "खालून स्क्रूड्रायव्हर मागून आणतो." डरकाळी 'नको' म्हणेपर्यंत तो जिना उतरलासुद्धा.

तो परत आला तेव्हा स्क्रूड्रायव्हर मालकीणबाईंच्या हातात होता.

"काय झालं टीव्हीला?"

डरकाळीने टीव्हीवरची धूळ बोटाने पुसली. "जरा... खरखरतोय."

बाईंनी भराभर स्क्रू काढून टीव्ही त्याच्या हातात दिला. "आता?"

"आता हे टीव्ही खिडकीतून फेकणार आहेत," दिग्दर्शक कॅमेऱ्याआडून आनंदाने म्हणाला.

आता आपल्याला कान धरून खाली नेणार, याबद्दल डरकाळीला शंका उरली नाही. बाई खिडकीशी गेल्या, बाहेर वाकल्या आणि ओरडल्या, "बाजूला व्हा रे, वरून टीव्ही येतोय!" मग वळून म्हणाल्या, "हं, फेका. पाहुणे रात्रभर मोठ्याने लावून ठेवतात. डोकं उठलंय माझं."

खाली बघता बघता गर्दी जमली. 'प्रलय'च्या कार्यक्रमाला एवढी कधी जमली नव्हती. डरकाळीने टीव्ही चौकटीवर टेकवला आणि चुकून खाली पाहिलं. तिसरा मजला! बोटं टीव्हीभोवती घट्ट आवळली गेली.

"सोडा की!"

"सुटत नाहीये, बाई. मला आधी आत घ्या."

बाईंनी त्याला साखळीला धरून आत ओढलं, टीव्ही काढून घेतला आणि दिला भिरकावून. खाली टाळ्या पडल्या.

"शेजारच्या खोलीतलाही काढूनच टाकते," म्हणत त्या निघाल्या, आणि त्यांच्यामागोमाग कॅमेरा. डरकाळी मुकाट्याने झाडू घेऊन रस्त्यावर काचा गोळा करायला उतरला.

सकाळी गाडीत सामान चढवताना दिग्दर्शक निरोप द्यायला आला. "मी इथेच थांबतोय, बाईंकडे. अशी निडर बाई मी पाहिली नाही."

"आणि आम्ही? माहितीपटात आहोत ना?"

"आहात की. रस्ता झाडताना. फार सुंदर आलंय ते."

डरकाळीचा चेहरा पांढराफटक पडला. "तेवढं काढून टाका हो. कंबरेमुळे मला झाडता येत नाही, असं मी घरी इतकी वर्षं सांगत आलोय."

मेव्हण्याने गिटार गाडीत ठेवली. "दाजी," तो हळूच म्हणाला, "ताईला मी कालच व्हिडिओ पाठवला. घरी कधी येताय, विचारत होती."