मीनाबाईंचा अ‍ॅडजस्ट न करण्याचा दिवस

"उद्या पौर्णिमा! उद्या ह्या घरात मी कुणाचं काय म्हंजे कायबी अ‍ॅडजस्ट करणार न्हाय. आत्ताच सांगून ठेवतो!"

मीनाबाईंनी संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता अशी जाहीर घोषणा केली. त्यांचे यजमान भाऊसो पेपरातून डोकं वर न काढता "बरं" म्हणाले. भाऊसो इतक्या झटकन "बरं" म्हणाले की पुढं काहीतरी बिनसतंच, हा त्या घरचा आजवरचा अनुभव.

मीनाबाईंच्या घोषणेला कारण होतं. त्या पौर्णिमेला उपोसथ धरत. पाच शीलं तर त्या रोजच पाळायच्या, पण त्या दिवशी आठ. दुपारी बाराच्या आत एकदाच जेवायचं, मग दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्नाचा कण नाही. उंच, मऊ आसनावर बसायचं नाही. गजरा, दागिना, अत्तर काही नाही. आणि खोटं नाही, म्हणजे समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलतो तेवढंसुद्धा नाही! वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यातल्या, सगळ्या पौर्णिमा धरीन, असा संकल्प त्यांनी आषाढी पौर्णिमेला विहारात भंतेजींसमोर केला होता. आता शेवटची, आश्विनी पौर्णिमा उरली होती, आणि मागची एकही धड पार पडली नव्हती. मोडली कुणी? त्या एका शब्दानं!

हा शब्द इंग्रजांच्या घरी होता तेव्हा बिचारा अगदी सज्जन असणार. चष्म्याची काडी जराशी वाकवावी, रेडिओची सुई जराशी सरकवावी, एवढंच त्याचं काम. पण तो कोल्हापुरात उतरला आणि मिसळीवर चढतो तसा त्याच्यावर कट चढला! एस्टीत दोघींच्या बाकावर तिसरी बाई येऊन टेकते आणि म्हणते, "जरा अ‍ॅडजस्ट करा की वो!" म्हणजे खिडकीतून बाहेर जावा. शिंपी म्हणतो, "घट्ट न्हाय वो वैनी, हुतंय अ‍ॅडजस्ट." म्हणजे श्वास घेऊ नका. ऑफिसात साहेब म्हणतात, "रविवारी जरा अ‍ॅडजस्ट करा." म्हणजे घरदार विसरा. आषाढीला नणंदेचं बिऱ्हाड असंच अ‍ॅडजस्ट झालं, श्रावणीला शेजारणीचं बाळ, आणि भाद्रपदातल्या पौर्णिमेला तर अख्खं भजनी मंडळ! दर वेळी बारा वाजून गेले, आणि मीनाबाई जेवायच्या राहून तरी गेल्या, नाहीतर उशिरा तरी जेवल्या.

तर पौर्णिमा उजाडली. मीनाबाई पांढरं पातळ नेसल्या, हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या, मोबाईल बंद करून कपाटात ठेवला. वंदना झाली, शीलं झाली. मन कसं पंचगंगेच्या संथ पाण्यासारखं झालं. कुकर गॅसवर चढवला तोच दारात शेजारची संघप्रिया!

"वैनी, घात झाला! फरशीवाल्यानं आमचा हॉल नांगरून ठेवलाय, आनि जयसिंगपूरचं पाव्हणं आजच येतोय म्हणत्यात. आमच्या सोनमला बगायला. तुमचा हॉल तेवढा अ‍ॅडजस्ट करा की!"

मीनाबाईंनी 'न्हाय' म्हणायला तोंड उघडलं. पण संघप्रियाच्या मागं सोनम उभी होती. तोंडात चार पिना, एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात साडीचा उरलेला सगळा जयसिंगपूर रस्ता! नोकरीवर कडक असलेली ही पोरगी साडीपुढं पार हरली होती.

"या," मीनाबाई म्हणाल्या. "पर बाराच्या आत मला जेवाय लागतंय, ध्यानात ठेव."

"बाराच्या आत? अवं, तवर पाव्हणं परत हातकणंगल्याच्या पुढं गेलं असत्याल!"

पोह्यांसाठी मीनाबाईंचा कुकर गॅसवरून उतरला.

पाहुणे आले ते चांगलेच उशिरा. मुलाचे वडील नागसेन, मुलगा आदर्श आणि त्याची आजी चिमणाबाई. चिमणाबाई अशा भारदस्त, की रिक्षातून त्या उतरल्यावर रिक्षा चार बोटं वर आली! "जयभीम, जयभीम" झालं. पाहुणे सोफ्यावर बसले. संघप्रिया कुजबुजली, "वैनी, तुमी पोरीची मावशी म्हणून शेजारी बसा."

"मी खाली बसतो," मीनाबाई म्हणाल्या आणि चटईवर मांडी घातली.

झालं! नागसेन ताडकन उठले. "आक्का खाली आनि आमी वर? शोभतंय व्हय?" तेही खाली बसले.

"अवं पाव्हणं, माझा उपोसथ हाय. तुमी बसा की वर."

"उपोसथ? साधू, साधू!" नागसेननी हात जोडले. "मग तर मुळीच न्हाय!"

बापानं बूड टेकल्यावर आदर्श खाली आला. पोरीची आई वर कशी राहील? ती खाली. भाऊसो खाली. सगळ्यात शेवटी चिमणाबाई, गोदामात साखरेचं पोतं उतरवावं तशा, दोघांच्या आधारानं खाली आल्या. सोफा आणि मागून आणलेल्या सहा खुर्च्या, पुढारी न आलेल्या सभेसारख्या रिकाम्या!

तेवढ्यात सोनम पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. लाजत नजर वर केली तर सोफ्यावर कुणीच नाही! पाहुणे पळाले की काय म्हणून ती लगबगीनं दोन पावलं पुढं आली, पाय निरीत अडकला, आणि तीन बशा पोहे थेट आदर्शच्या मांडीवर!

"असू द्या," आदर्श कॉलरमधला शेंगदाणा काढून तोंडात टाकत म्हणाला. "पोहे बरे झाल्यात."

पसारा आवरला, दुसरे पोहे झाले. कुकर अजून खालीच. मग नागसेननी घसा साफ केला. "आमचं मागणं काय न्हाय. पोरगी अ‍ॅडजस्ट करून घेणारी पायजे, बास. आक्का, तुमी उपोसथाच्या. तुमी खोटं बोलणार न्हाय. तुमीच सांगा. घेईल न्हवं?"

संघप्रियानं मीनाबाईंना असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मीनाबाई दमल्या होत्या. पोटात आग पडली होती. त्या हळूच म्हणाल्या, "पाव्हणं, कशात ते सांगा की."

"आता कशात म्हंजे... घर लहान हाय. पाणी पहाटं येतंय. नोकरी कोल्हापूरची, ती सोडाय लागंल. आनि आमची म्हातारी जरा बडबडती..."

"कोण रं बडबडती?" चिमणाबाई कडाडल्या.

"पहाटं पाणी भरंल," मीनाबाई म्हणाल्या. "लहान घरात राहील. आज्जीसंगं तर जेवण इसरून बोलत बसंल. पर नोकरी सोड म्हणाल, तर न्हाय करणार अ‍ॅडजस्ट. मागच्या ऑफिसात साहेबानं दर रविवारी बोलवाय सुरू केलं, तर हिनं कपाटाच्या किल्ल्या त्येच्या चहाच्या कपात टाकल्या."

चिमणाबाईंचा गुडघा तेवढा कुरकुरला. संघप्रियाचा चेहरा फोडणी करपल्यासारखा झाला. सोनमनं मान खाली घातली, पण ओठ मुडपून.

"खरं हाय हे?" नागसेननी विचारलं.

"खरं हाय," सोनम म्हणाली. "चहात साखरबी न्हवती."

आदर्श फुस्सकन हसला आणि बापाला म्हणाला, "दादा, मी रोज रेल्वेनं कोल्हापूरला येतोच की. तीबी यील. त्यात सोडायचं काय?"

"घरी जाऊन बोलू. उठा आई," नागसेन म्हणाले.

पण आई उठेनात! गुडघे धरले होते. नागसेननी डावा हात ओढला, भाऊसोंनी उजवा, आदर्शनं मागून रेटा दिला. "अगं आई गं! मला उपटताय का काय, हरभऱ्यागत?" चिमणाबाई ओरडल्या. शेवटी शेक द्यायचं ठरलं. तव्यावर मीठ तापवायला घेतलं. आत्ताच कुठं चढलेला मीनाबाईंचा कुकर पुन्हा खाली!

आणि आता दुपारची वेळ, पाहुणे घरात. संघप्रियाच्या तोंडून रीतसर निघून गेलं, "आता जेवूनच जावा!" जेवण कुठं होतं? मीनाबाईंच्या घरी! आणि पाहुण्यांच्या आधी घरची बाई जेवली, असं कोल्हापुरात कुणी कधी ऐकलंय? कुकर पुन्हा चढला, आमटीत तांब्याभर पाणी पडलं, वांग्याच्या चार फोडींच्या आठ झाल्या. मीनाबाई वाकून वाकून वाढत होत्या. पोटात कावळे ओरडून दमले आणि गप्प बसले. भाऊसो बायकोच्या तोंडाकडं बघत होते. मग ते उठले, स्टूल घेतलं, त्यावर चढून भिंतीवरल्या घड्याळापाशी फडकं घेऊन काहीतरी खुडबुड करू लागले.

"पाव्हणं जेवत्यात आनि तुमी जळमटं काढाय लागला व्हय?" मीनाबाई म्हणाल्या.

"लई दिवस झालंतं," भाऊसो म्हणाले आणि घाईघाईनं उतरले.

जेवण आणि शेक, दोन्हींचा गुण आला. चिमणाबाई उठल्या! दारात सोनमचा गाल धरून म्हणाल्या, "पसंत हाय पोरगी, नोकरीसकट! ह्याला मी बगतो घरी गेल्यावर." नागसेननी आईकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं आणि नुसतीच मान हलवली. संघप्रिया आनंदानं रडत आपल्या नांगरलेल्या घरी गेली.

घर मोकळं झालं. "बस, बस पटदिशी," भाऊसो म्हणाले आणि त्यांनी स्वतः ताट वाढून आणलं. "पावणेबाराच झाल्यात. बग की!"

मीनाबाईंनी घड्याळाकडं पाहिलं. पावणेबारा. मग दाराबाहेर पाहिलं. अंगणातली शेवग्याची सावली बुडखा सोडून पार तिकडं, पूर्वेच्या कुंपणाकडं निघाली होती. त्यांनी पुन्हा घड्याळाकडं पाहिलं. भाताची वाफ नाकात गेली. डोळे मिटून हात जोडले आणि पहिला घास घेतला. मग दुसरा. मग आमटी ओरपली. सगळं ताट कसं शांतपणे, एका चित्तानं जेवल्या!

शेवटचा घास तोंडात होता आणि कोपऱ्यावरच्या विहारातला कर्णा खरखरला. "उपासक-उपासिकांना सूचना. एक वाजलेला आहे. धम्मदेसनेला सुरुवात होत आहे."

भाऊसोंचा चेहरा पडला. घड्याळात बाराला पाच कमी होते. बिचारे चटईवर येऊन बसले.

"मीना, माझी चूक झाली. मीच काटा मागं केला. सकाळपासनं तुझे हाल बगवंनात. म्हटलं, एवढं तरी अ‍ॅडजस्ट करूया. तुझा उपोसथ मी मोडला गं. चल, भंतेजींच्या म्होरं मी सांगतो, तिचा काय दोष न्हाय म्हणून."

मीनाबाईंनी घास गिळला. पाण्याचा घोट घेतला. आज खोटं बोलायची सोय नव्हती.

"तसं सांगू नका," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "मला ठाऊक हुतं."

"आँ? ठाऊक हुतं? मग जेवलीस कशाला?"

मीनाबाईंनी ताटाकडं पाहिलं. भाताचं एक शीत राहिलं होतं. तेही त्यांनी बोटानं टिपलं.

"भूक लागलीती वो!"