कोकोरावांचा ठरलेला रस्ता

दिवाळीच्या आधी दीक्षा ऑफिसच्या कामासाठी आठवडाभर बंगळूरला गेली आणि जाताना आपला कुत्रा कोको भिवपुरीला आईवडिलांच्या पदरात टाकून गेली. पहिल्या दिवशी श्रीपतराव कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मी जन्मभर वीजघरात नोकरी केली, कुत्री वळायला नाय गेलो." दुसऱ्या दिवशी ते त्याला कोकोराव म्हणू लागले. तिसऱ्या दिवशी जानकीबाईंच्या पोटात दुखायला लागलं.

दुखणारच. लग्न झाल्यापासून हा माणूस बायकोला घेऊन कधी पाय मोकळे करायला गेला नव्हता. आता सकाळ-संध्याकाळ साखळी हातात आणि स्वारी रस्त्यावर. शिवाय परत आल्यावर लाडात विचारायचं, "दमलास का रं? पाणी पितोस का?" जानकीबाई भात कापून, कंबर धरून घरी आल्या, तेव्हा हेच श्रीपतराव म्हणाले होते, "चा टाक."

बुधवारी त्यांना दळण आणायला पाठवलं. दुपारनंतर घाटाकडून ढग उतरले आणि गडगडाट करत पाऊस आला. श्रीपतराव परतले तेव्हा छत्री कोकोच्या डोक्यावर होती आणि खांद्यावरच्या पिठाची कणीक झाली होती.

"अवो, पीठ भिजलं!"

"मग? ह्याला सर्दी झाली तर दीक्षाला काय सांगू?"

"मी भिजते तवा?"

"तुला सवय हाय गं."

गुरुवारी जानकीबाईंचा दुरुस्तीला टाकलेला चष्मा आणायला ते कर्जतला गेले. येताना रबरी चेंडू आणला, कुत्र्याची बिस्किटं आणली. चष्मा दुकानातच राहिला. संध्याकाळी जानकीबाई टीव्हीला नाक लावून मालिका बघत बसल्या. "अवो, ही नर्मदा रडतेय का हसतेय, जरा सांगा ना."

"असलं बघणाऱ्यांच्या डोक्यात भुसा असतो," श्रीपतराव म्हणाले आणि कोकोला घेऊन बाहेर पडले.

शुक्रवारी शेजारच्या येसूबाई विळा मागायला आल्या आणि निघता निघता दारात घुटमळल्या. "जानके, भावजींचे कपडे शिवायला टाकलेत का गं?"

"नाय. का?"

"नाय म्हंजे, रोज सांजच्याला त्या हर्षला शिंपिणीकडं असतात. कुत्रं पायरीवर आन् भावजी आत."

येसूबाई विळा घेऊन गेल्या, पण जे कापायचं ते कापून गेल्या. त्या कुत्र्यावर जळत होत्या, ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. हर्षलाचं नाव ऐकल्यावर मात्र जानकीबाईंच्या अंगाचा नुसता भडका उडाला. त्या दिवशी श्रीपतराव संध्याकाळच्या अंघोळीला गेले आणि न्हाणीघराची कडी वाजली, तशी बाईंनी साखळी उचलली. सरळ हर्षलाच्या दारात जाऊन उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

पण कोकोरावांचा रस्ता ठरलेला होता. त्यांनी जानकीबाईंना ओढत आधी साईनाथच्या वड्याच्या गाडीवर नेलं आणि तिथे ऐटीत बसकण मारली. साईनाथने न विचारता बशी पुढे केली. "काकू, आज तुमी? हे काकांचे दोन, ह्याला नुसता पाव."

"तेलकट खायचं नाय म्हणून डॉक्टरनं सांगितलंय त्यांना!"

"तेच म्हणतात काका. घरी रोज उकडलेला दुधी असतो म्हणून."

जानकीबाईंनी ते दोन्ही वडे रागारागाने स्वतःच खाल्ले. चांगले होते, त्यामुळे राग वाढला.

पुढे ओढ्यावरच्या मोरीपाशी कोको थांबला तो हलेना. नाइलाजाने त्या कठड्यावर टेकल्या. समोर कापलेलं भात पसरलं होतं, वारा सुटला होता, माथेरानच्या डोंगरावर ऊन उतरत होतं. इतकी सुखाची जागा घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्यांना इथे कुणी आणलं नव्हतं. कुत्र्याला आणलं होतं. जानकीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिथून कोको थेट हर्षलाच्या पायरीवर जाऊन लोळला. आत हर्षला मशीन चालवत होती, टीव्ही चालू होता आणि टीव्हीसमोर एक रिकामी खुर्ची होती.

"काकू, या या! काका कुठायत? आज नर्मदाचं लगीन हाय. काल तर तिची सासू असं काय बोलली, काका डोळे पुसत घरी गेले."

"कोण? आमचे हे?"

"रोज येतात. मी म्हटलं, घरी टीव्ही हाय ना? तर म्हणाले, घरी बघता येत नाय, इज्जतीचा प्रश्न हाय."

जानकीबाई मटकन खुर्चीत बसल्या. भुसा कुणाच्या डोक्यात होता ते कळलं, पण जळजळ काही कमी होईना. नर्मदासाठी रडायचं, तेही लोकांच्या घरी? घरी दोघांनी मिळून रडलं असतं तर काय बिघडलं असतं? एवढ्यात बाहेर सर आली आणि टीव्हीत मंगलाष्टकं सुरू झाली.

इकडे अंघोळ करून बाहेर आलेल्या श्रीपतरावांना घरात ना बायको दिसली ना कुत्रं. ते साईनाथला विचारून आले, मोरीवर बघून आले, आणि नखशिखांत भिजून हर्षलाच्या दारात उभे राहिले. त्यांच्या खुर्चीत जानकीबाई होत्या. कोकोने त्यांच्या पायावर हनुवटी टेकली होती.

"मला टाकून दोघं आलात?" श्रीपतरावांचा आवाज चक्क कापला. "वडेपण खाल्लेत म्हणं!"

आठवडाभर जळलेल्या जानकीबाईंना पहिल्यांदा गार वाटलं. "कुणाला शोधत होतात?" त्यांनी विचारलं. "मला का ह्याला?"

हर्षलाची मशीन थांबली. श्रीपतरावांनी कुत्र्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. आधी सांग, नर्मदाचं लगीन लागलं का?"

इतक्या वर्षांत जानकीबाईंना मालिकेतलं असं कुणी विचारलं नव्हतं.

"मोडलं," त्या म्हणाल्या. "बसा इथं. पयल्यापासनं सांगते."

हर्षलाने दुसरी खुर्ची सरकवली. श्रीपतराव शेजारी बसले, जानकीबाई हातवारे करून सांगू लागल्या आणि श्रीपतराव "मग?" "मग गं?" करत ऐकू लागले. कोकोने दोघांच्या मध्ये नाक खुपसून पाहिलं. कुणी लक्ष दिलं नाही. त्याने एकदा कुंई केलं. तरी नाही. तेव्हा तो उठला, बाहेरच्या पायरीवर गेला आणि त्यांच्याकडे पाठ करून पावसात बसला.