शाफ्टमागची भिंत

सोमवार सकाळपासून मिस्त्री बोटीच्या पोटात उताणे पडून इंजिनाशी भांडत होते. घरात भांडायला दुसरं कुणी नव्हतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा दूरच्या शहरात बाराव्या मजल्यावर राहत होता आणि त्याने फोनवरच सगळं परस्पर ठरवून टाकलं होतं. अंगणातली जुनी बोट एका उपाहारगृहवाल्याला दारात शोभेसाठी हवी होती, पण इंजिनाशिवाय. रविवारी तो बोट नेणार आणि त्याच दिवशी मुलगा बाबांना नेणार. मिस्त्री 'बरं' म्हणाले होते. एकट्या माणसाला 'नाही' म्हणायचंही बळ राहत नाही.

इंजिन काढायचं तर आधी शाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा लांब दांडा, मागच्या बाजूने ओढून काढावा लागतो. सुकाणू उतरलं, पंखा निघाला, पण इंजिनाकडचा जोड काही सुटेना. बोल्ट गंजून एकजीव झाले होते. मिस्त्रींनी त्यांना तेल पाजलं, तापवलं, लाडीगोडी लावली, शेवटी शिव्याही दिल्या. तिसऱ्या दिवशी, म्हणजे बुधवारी, बोल्ट एकदाचे निघाले. मग मिस्त्रींनी घण उचलला आणि अंगात होतं नव्हतं ते बळ एकवटून घाव घातला.

शाफ्ट सुटला, आणि सुटला तो सुटलाच.

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांच्या बोटींचे शाफ्ट काढले होते, पण ते मोकळ्या धक्क्यावर. तिथे मागे भिंत नसते. इथे बोटीचं तोंड फाटकाकडे होतं, कारण बायको म्हणायची, "निघाल्यासारखी दिसू दे तिला." त्यामुळे पाठ शेजाऱ्याच्या भिंतीकडे. शाफ्ट सात फूट, मागे जागा चार फूट. हे साधं गणित मिस्त्रींना विटा कोसळल्याचा आवाज ऐकल्यावर सुचलं.

"कोण आहे रे तिकडे?"

आवाज हेडमास्तरांचा होता. आठ वर्षांपूर्वी या इंजिनाच्या धुराने त्यांचे वाळत घातलेले पांढरे सदरे काळे झाले, तेव्हापासून दोघांत अबोला. मिस्त्रींची बायको होती तोवर भिंतीवरून दोघांचं मिळून तीच बोलायची. ती गेली आणि दोन्ही अंगणं मुकी झाली.

मिस्त्रींनी गुडघे टेकून भोकातून पाहिलं. पलीकडून एक चष्मा त्यांच्याकडे पाहत होता.

"मी आहे. लागलं का कुठे?"

"मला नाही. माझ्या वजिराला लागलं."

हेडमास्तर बुद्धिबळ मांडून बसले होते आणि वीट नेमकी पटावर पडली होती.

"कोण हरत होतं?" मिस्त्रींनी ओशाळून विचारलं.

"मीच. समोरही मीच होतो."

मिस्त्रींना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

"हा भाला काढणार कधी?" हेडमास्तरांनी विचारलं.

"अजून दोन फूट तुमच्याकडे यायला हवा. मग इंजिन उचलतो. रविवारी बोट जातेय. मीही जातोय."

चष्मा पटाकडे वळला. "बरं," हेडमास्तर म्हणाले. "पण आज ठोकाठोक नको. सोंगट्या पुन्हा मांडतो. पांढऱ्या तुमच्या."

गुरुवारी मिस्त्रींनी वीस घाव घातले. शाफ्ट तसूभर हलला नाही. दमून ते स्टुलावर बसले आणि भोकातून चाल सांगितली.

"चूक. परत विचार करा," पलीकडून उत्तर आलं.

शुक्रवारी तीस घाव आणि दीड डाव झाला. चहाही भोकातूनच आला. कप तिरका होतो म्हणून हेडमास्तरांनी आणखी एक वीट स्वतःच्या हाताने काढली.

शनिवारी मात्र मिस्त्रींना कारागीर म्हणून लाज वाटायला लागली. सुटलेला शाफ्ट असा अडेल कसा? पलीकडून ओढून पाहावं म्हणून आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी शेजारचं फाटक उघडलं.

शाफ्टच्या टोकाला टेकून पुस्तकांचं लोखंडी कपाट उभं होतं. मागे पाण्याने भरलेलं पिंप. कपाटाच्या पायांचे ओरखडे घराच्या दारापासून अंगणभर उमटले होते. पंचाहत्तरीच्या माणसाने ते एकट्याने ओढत आणलं होतं.

"हे काय, हेडमास्तर?"

हेडमास्तर कॉपी करताना पकडलेल्या पोरासारखे उभे राहिले. "पुस्तकांना ऊन दाखवतोय."

"तीन दिवस?"

"ओल फार धरलीय." मग चष्मा पुसत ते हळूच म्हणाले, "कालचा दुसरा डाव अर्धाच राहिलाय, मिस्त्री."

तेवढ्यात खिशात फोन वाजला.

"बाबा, निघाला का शाफ्ट?"

"नाही रे, अडकलाय. उद्याचं काही जमत नाही. त्या उपाहारगृहवाल्याला सांग, दुसरी बोट बघ म्हणावं."

"असा कसा अडकला? मग कधी निघेल?"

"सांगता येत नाही. फारच भक्कम अडकलाय."

फोन खिशात ठेवून त्यांनी कपाट हलवून पाहिलं आणि नापसंतीने मान हलवली.

"हे असं नाही टिकायचं, हेडमास्तर. चार घावांत सरकेल. थांबा, घरून पाचर घेऊन येतो."