उत्तर अपेक्षित नाही

‘उखाच्या तेराव्याला, गंधमुक्तीला मी असा बोलेन, की दगडालाही पाझर फुटेल!’ हेमकांत मास्तरांनी बायकोला सांगितलं आणि पेनात लाल शाई भरली.

निर्मलाबाई वेगळंच म्हणत होत्या. ‘आहो, आधी त्यासना दारवर भेटाले तं जाई या! आठ दिन व्हयनात. गाव जाई उनं, तुम्हीच नहीत!’

‘भाषण पुरं झाल्याशिवाय नाही!’ जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. घरातसुद्धा पुस्तकातलंच बोलायचा.

खरं कारण निराळं होतं आणि ते सांगायची मास्तरांना लाज वाटत होती. उखा त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीच्या, मयूरीच्या लग्नात मास्तर आशीर्वाद द्यायला उभे राहिले. समोर नसलेल्याला, गेलेल्याला, नाहीतर झाडा-नदीला समोर असल्यासारखी हाक मारून बोलायचं, ही त्यांची खास शैली. ‘हे तापीमाई! हे आम्रवृक्षा! हे मयूरीच्या स्वर्गस्थ आजी!’ अशा हाका चाळीस मिनिटं चालल्या. मुहूर्त टळला! उखाने सगळ्यांदेखत त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. तेव्हापासून अबोला. मास्तर रोज त्याच्या दारावरून जायचे, मान दुसरीकडे करून. आता उखाच नव्हता आणि मास्तरांना त्याची क्षमा हवी होती. अगदी मनापासून हवी होती. फक्त साधेपणाने मागायची कशी, ते या विद्वानाला येत नव्हतं.

तेराव्या दिवशी ते चौदा पानं घेऊन मांडवात उभे राहिले. प्रत्येक हाकेपुढे लाल उद्गारचिन्ह, प्रत्येक प्रश्नापुढे लाल प्रश्नचिन्ह. लाल चिन्ह आलं की थांबायचं आणि मनात पाच मोजायचे, म्हणजे लोकांना रडायला सवड मिळते!

पुढेच सतरंजीवर उखाचे थोरले भाऊ भिलादादा बसले होते. तेरा दिवस दारावर येणारा प्रत्येक जण ‘कसं झालं?’ म्हणून विचारायचा आणि घरातले वडीलधारे म्हणून भिलादादा पहिल्यापासून सगळं सांगायचे. विचारणाऱ्याला उत्तराशिवाय परत पाठवायचं नाही, ही रीत. दोन-अडीचशे वेळा सांगून म्हातारा गळून गेला होता, पण रीत सोडली नव्हती.

‘हे मित्रा!’ कर्ण्यातून आवाज घुमला. ‘असा अचानक कसा रे गेलास?’

एक, दोन, तीन...

‘सकायमा उठना, चहा पिना,’ भिलादादा सावकाश सांगू लागले. ‘मंग म्हने, छातीमा दुखस. त्याले गाडीमा टाकं, पन नंदुरबार यावाना पहिलेच गया.’

मांडव हळहळला. मास्तर गडबडले. माइक आपल्या हातात आणि हळहळ भलत्यालाच! त्यांनी आवाज चढवला. ‘अरे, आम्हाला सोडून जाण्याची एवढी काय घाई होती?’

‘बीपीन्या गोया बंद करेल व्हत्यात, मास्तर. म्हने, मी बरा शे.’

‘भिलादादा, ते भाषन शे!’ मागून कुणीतरी कुजबुजलं.

‘आरे, पन मास्तर पहिलांदाव ईचारी ऱ्हायनात!’ भिलादादा म्हणाले. ‘त्या दारवर उनातच नहीत ना!’

सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या. घाईत त्यांनी दोन पानं एकदम उलटली. ‘हे सख्या! आता कुठे शोधू तुला?’

‘प्रकाशाले, घाटवर. अस्थी तापीमा सोड्यात ना.’

हसलं कुणीच नाही. हसले असते तर मास्तरांना बरं वाटलं असतं! त्यांनी कागदाकडे पाहिलं, तर लाल चिन्हं एकमेकांत मिसळलेली. चष्मा पुसला, तरी तेच. मग त्यांनी कागद खाली केला.

‘उखा,’ ते म्हणाले. ‘माझ्यावर राग होता का रे?’

‘हाई तिलेच ठाऊक,’ भिलादादा म्हणाले. त्यांनी बायका बसल्या होत्या तिकडे पाहिलं. उखाची बायको वत्सलाबाई तेरा दिवसांत कुणाशी धड बोलली नव्हती. तिने पदर सावरला.

‘व्हता, मास्तर. भलता राग व्हता.’

असल्या प्रश्नांना उत्तर अपेक्षित नसतं, असं मास्तरांनी पोरांच्या कितीतरी पिढ्यांना शिकवलं होतं!

‘मुहूर्त टळना त्याना नही,’ वत्सलाबाई म्हणाली. ‘तीन साल तुम्ही दारवरतून गयात, पन बोलनात नही. त्याना राग व्हता.’

‘बरं, वहिनी,’ मास्तर म्हणाले. मग ते भिलादादांशेजारी सतरंजीवर खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. माइक हातात तसाच चालू राहिला होता, त्यामुळे ते सगळ्या गावाला ऐकू गेलं!